शेताचा बांध आणि घराची भिंत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात देहूरोड येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी तरी विद्वान वक्ता बोलतो आणि आपण सारे काही नवे घेऊन घरी जातो. यंदा चिटणीसांनी तो मान आम्हांस दिला. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे घालविलेले एक निवृत्त शिक्षक आहो. आमच्यापाशी विद्वत्ता नाही, थोडा अनुभव आहे. आणि त्यातलाही एक अनुभव असा आहे की तो सांगताना आमची मान खाली जाते. तोच आज सांगावयाचा आहे. परंतु त्यासाठी आधी विषयाची ओळख करून द्यावी लागेल. विषय आहे जमिनीचे हाताने काढलेले जुने नकाशे.

विषयाचे नाव ऐकून काही तरुण मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण या सभागृहात असे घर विरळा, ज्याच्या ट्रंकेत सातबाराचा एखादा उतारा, खरेदीखताची एखादी प्रत आणि मनात बांधाच्या तंट्याची एखादी आठवण नाही. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा डेपोतल्या वा रेल्वेतल्या नोकरीनिमित्त इकडे आले. गावाकडची जमीन भावकीत राहिली आणि इथे गुंठा-दोन गुंठे घेऊन घर झाले. दोन्ही ठिकाणी आपला संबंध एका रेषेशी आला. ती रेषा कोणी, कधी आणि कशी काढली, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

आपल्या मुलखात जमीन मोजण्याची रीत इंग्रजांनीच आणली असे मानण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींच्या अमदानीत अण्णाजी दत्तो यांनी मोजणी करविली, तेव्हा पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर असे माप ठरलेले होते. मात्र प्रत्येक शेताची आकृती काढून ती दप्तरी जपून ठेवण्याची रीत पुढे इंग्रजी अमलात रूढ झाली. पुणे प्रांतात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पहिला प्रयत्न केला, तो फसला. मोजणी चुकीची झाली, सारा डोईजड झाला आणि कित्येक कुणबी जमिनी टाकून निघून गेले. नंतर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात नव्याने काम आरंभिले. त्यातून जी पद्धत तयार झाली तिचे नियम १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालात पक्के झाले. आज आपण ज्यास सर्व्हे नंबर म्हणतो तो या पद्धतीचा वारसा होय. एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र असा त्या नंबराचा ढोबळ मापदंड होता. हे ध्यानात ठेवावे. कारण बैलाच्या ताकदीने पाडलेल्या तुकड्यांवर आज आपण माणसाच्या ऐपतीने घरे बांधतो आहो.

त्या मोजणीतला मूळ कागद म्हणजे टिपण. प्रथम पाहणाऱ्यास तो कागद अगदी साधा वाटतो. मध्यभागी नंबर, भोवती शेताची वेडीवाकडी आकृती, आत एक लांब मोजणीची रेघ आणि त्या रेघेपासून कोपऱ्याकोपऱ्याकडे काटकोनात गेलेल्या लहान रेघा. बाहेरच्या अंगास लगतच्या नंबरांचे आकडे. पुष्कळ जुन्या कागदांवरचा मजकूर मोडीत असतो. ही आकृती प्रमाणशीर नसते. म्हणून पट्टी लावून तिच्यावरून अंतर काढू जाल तर फसाल. टिपणात रेघ मुकी असते, बोलतो तो आकडा. मोजणीदार साखळी ओढीत शेतातून सरळ जाई, शंकूच्या साह्याने काटकोन साधी आणि बांधाच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर तिथल्या तिथे टिपून घेई. शेताचे असे त्रिकोण आणि चौकोन पडत. त्यांचे क्षेत्रफळ ज्या पुस्तकात काढीत त्यास गुणाकार बुक म्हणतात. आमच्यासारख्या गणिताच्या शिक्षकास ते पान पाहून जो आनंद होतो तो काय वर्णावा! आम्ही चौथीच्या मुलांस फळ्यावर जी उदाहरणे घालीत होतो, तीच उदाहरणे कोणा कारकुनाने उन्हात उभे राहून सोडविलेली होती, आणि त्याच्या उत्तरावर एका कुटुंबाचा सारा ठरत होता.

आता साखळीविषयी दोन शब्द, कारण पुढची हकीकत तिच्यावाचून कळणार नाही. विलायतेत एडमंड गंटर या गणित्याने ६६ फुटांची साखळी रूढ केली होती. आपल्या मुंबई इलाख्यात मोजणीस ३३ फुटांची साखळी वापरीत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचेही सोळा आणे. साखळीचा एक आणा म्हणजे २ फूट आणि पाऊण इंच. गुंठ्याचेही सोळा आणे. त्यातला एक आणा म्हणजे ६८ चौरस फूट. पुढे मेट्रिक मापे आली आणि गुंठ्याच्या जागी आर आला. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याहून एका चौरस मीटरपेक्षा थोडा अधिक मोठा. लोक दोन्ही एकच समजतात. व्यवहारात तेवढ्यावरूनही कुरबूर होते.

पुढे घरे वाढली, भाऊ वेगळे झाले, नंबरांचे पोटहिस्से पडले. १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला आणि जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे हे लिहिले जाऊ लागले. पोटहिस्सा मोजून जो कागद होई ती फाळणी, आणि मूळ आकाराची जी वाटणी होई ती आकारफोड. तुकड्यांचेही तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. ज्या गावांत एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणजे एकाच ढेकळास पणजोबांच्या काळी एक नंबर, आजोबांच्या काळी त्याचा हिस्सा आणि वडिलांच्या काळी गट. ज्याला ही साखळी मागे मागे नेता येत नाही त्याला आपली जमीन कोणती हे सांगता येत नाही.

हे झाले शेताचे. आता आपल्या देहूरोडकडे वळू. या भूमीवर एकावर एक किती नकाशे पडले ते पाहा. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे सुरू झाली आणि शेतांच्या आकृत्यांमधून प्रथमच एक लांब रेघ गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराचा डेपो आला. १९५८ साली येथे कटक मंडळ स्थापन झाले. कटकाच्या हद्दीतल्या जमिनीची नोंद महसुली दप्तराहून वेगळी, जनरल लँड रजिस्टरात असते. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि निगडी-आकुर्डीकडच्या शेतांवर पेठा आणि भूखंड आखले गेले. ते प्राधिकरण २०२१ साली विसर्जित होऊन विलीन झाले, पण त्याने आखलेल्या रेघा राहिल्या. किवळे, रावेत, मामुर्डी ही गावे १९९७ साली महापालिकेत गेली. द्रुतगती महामार्गाचे पुण्याकडचे टोक किवळ्यापाशी आले. आणि डेपोभोवतीच्या निर्बंधित क्षेत्राची, ज्यास लोक रेड झोन म्हणतात त्याची, २००० यार्डांची रेघ कोणाच्या घरावरून जाते आणि कोणाच्या अंगणातून, या एका प्रश्नावर किती कुटुंबांची झोप उडाली हे या सभागृहास वेगळे सांगावयास नको. नकाशावरची रेघ शाईची असते, पण तिच्याखाली माणसे राहतात.

असे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. मुंबई शहराची मोजणी कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केली. ज्या दादर-माटुंग्याकडे आज इमारतीस इमारत लागली आहे तेथे त्या काळी भाताची खाचरे आणि नारळाच्या वाड्या होत्या. १८९८ साली निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे त्या जागेवर रस्ते आणि भूखंड पाडले. फरक इतकाच की तेथे आधी आखणी झाली आणि मग घरे आली. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आधी घरे आली आणि आखणी अजून यावयाची आहे.

ज्या वस्त्या गुंठ्या-गुंठ्याने वसल्या त्यांच्याखाली जुने शेत अजून जिवंत आहे. गल्ली कोठे अकारण वळण घेते, तेथे बहुधा जुना बांध असतो. दोन घरांच्या रांगा एकमेकींशी काटकोनात बसत नाहीत, तेथे दोन हिस्से मिळतात. जुन्या गावनकाशावर ओढ्याची रेघ स्पष्ट असते. गुंठे पाडणाऱ्याने ती पुसली, पण पाऊस ती विसरत नाही. श्रावणात ज्यांच्या ओसरीत पाणी येते त्यांनी एकदा गावचा जुना नकाशा काढून पाहावा. नशिबास दोष देण्याचे कारण उरणार नाही.

आता आमची हकीकत.

आम्ही १९९१ साली एका शेतकऱ्याकडून एक गुंठा जागा घेतली. पगार बेताचा, मुले लहान, भाडे परवडेना. त्या काळी अनेकांनी घेतली तशीच घेतली. मोजणी झाली नाही. मध्यस्थाने फक्की टाकली, चार खुंट्या ठोकल्या, पावलांनी अंतर मोजले आणि म्हणाला, “गुरुजी, हे तुमचं.” आम्ही आयुष्यभर मुलांस क्षेत्रफळाची उदाहरणे घातली, स्वतःच्या गुंठ्याचे उदाहरण मात्र कधी सोडविले नाही. आमची जागा त्या हिश्श्याच्या अगदी कडेची. पलीकडच्या हिश्श्यात डेपोतल्या एका कामगाराने तेवढीच जागा घेतली होती. मध्ये जुना बांध होता. दुसऱ्या वर्षी घराचा पाया खणताना बांध सपाट झाला आणि कोपऱ्यावर एक घडीव दगड निघाला. गवंड्याने विचारले, याचे काय करू? आम्ही म्हणालो, “नळापाशी ठेव, धुणं धुवायला बरा आहे.”

पंचवीस वर्षे त्या दगडावर आमच्या घरचे धुणे धुतले गेले.

दोन्ही घरांचे उत्तम होते. त्यांच्याकडची पुरणपोळी आमच्याकडे आणि आमच्याकडचा फराळ त्यांच्याकडे. शेजारी पुढे वारले. २०१८ साली त्यांच्या मुलाने घर नव्याने बांधावयाचे काढले आणि म्हणाला, “गुरुजी, आमची जागा रुंदीला कमी भरते.” आम्हांस राग आला. आम्ही म्हणालो, “पंचवीस वर्षं भिंत उभी आहे, आज आठवण झाली काय?” शब्दाने शब्द वाढला. येणे-जाणे थांबले. त्या वर्षी संक्रांतीस त्यांच्या घरची माउली आमच्याकडे तिळगूळ घेऊन आली नाही, आणि आमच्या घरूनही कोणी गेले नाही. ज्ञातीतल्या एका हितचिंतकाने आम्हांस सल्लाही दिला की बारा वर्षांहून अधिक कब्जा आहे, तुम्ही स्वस्थ बसा, त्यांना कोर्टात जाऊ द्या. खरे सांगतो, काही दिवस तो सल्ला आम्हांस गोड वाटला.

अखेर त्या मुलाने मोजणीचा अर्ज केला. भूकरमापक आले. तिपाईवर यंत्र होते, पण हातात टिपणाची आणि हिश्श्याच्या फाळणीची नक्कल होती. ओढ्याकडचा एक आणि रस्त्याच्या कडेचा एक असे दोन जुने दगड जागेवर शाबूत होते. तेथून मोजीत मोजीत ते आमच्या कोपऱ्यापाशी आले, फाळणीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “इथे हद्दीचा दगड असायला हवा.” आमच्या मंडळी नळाकडे पाहू लागल्या. कोणी काही बोलले नाही. मग भूकरमापकांनी अंतर वाचले. आमची भिंत सबंध लांबीभर त्रेसष्ट सेंटिमीटर पलीकडे होती.

त्या रात्री आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. त्रेसष्ट सेंटिमीटर म्हणजे दोन फूट पाऊण इंच, म्हणजे साखळीचा एक आणा. भिंत तेहतीस फूट लांब. अर्थात गुंठ्यातला बरोबर एक आणा आम्ही पंचवीस वर्षे शेजाऱ्याचा खात होतो. कोणी चोरी केली नव्हती. मध्यस्थाची पावले चुकली, बांध गेला आणि दगड आम्ही स्वतः उचलला. परंतु मुलाचे उदाहरण चुकले म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर आम्ही शाळेत कधी ऐकून घेतले नव्हते. ते आता स्वतःस कसे चालावे? आणि ज्या कागदाने हे दाखविले तो कागद आमच्या बाजूचा नव्हता आणि शेजाऱ्याच्याही बाजूचा नव्हता. ज्यांनी तो काढला त्या माणसांस आम्ही दोघेही ठाऊक नव्हतो. म्हणूनच त्याच्यापुढे भांडण मिटले.

दोन महिन्यांनी आम्ही भिंत पाडली आणि एक आणा आत घेऊन नवी बांधली. खर्च झाला तो झाला. घरची न्हाणी लहान झाली तीही झाली. काम संपल्यावर शेजारच्या माउली आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तो दगड तेवढा जागेवर ठेवा. पोरांना दिसू द्या.” आम्ही तो नळापासून उचलून कोपऱ्यावर रोवला. आज तो तेथे आहे. पुढच्या संक्रांतीस तिळगूळ आला.

बंधुभगिनींनो, ही हकीकत आम्ही आमचा मोठेपणा मिरविण्यासाठी सांगितली नाही; त्यात मोठेपणा काही नाहीच. सांगितली ती एवढ्यासाठी की सातबारा हा जमीन कोणाची ते सांगतो, पण ती कोठे आहे ते सांगत नाही. ते सांगतो नकाशा. उतारा आपण सारे जपतो, नकाशाकडे कोणी पाहत नाही. आणि बांधाचे बहुतेक तंटे नेमके या दोहोंच्या मधल्या जागेत उगवतात.

तेव्हा आमच्या काही सूचना आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या आणि येथल्या जमिनीचे टिपण, गुणाकार बुक, फाळणी, आकारफोड आणि गटाचा नकाशा यांपैकी जे मिळेल त्याची नक्कल भूमि अभिलेख कार्यालयातून रीतसर घ्यावी. आता हे जुने कागद संगणकावर चढविले जात आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु आपल्या घरी नक्कल असावी. दुसरी, भावाभावांत वाटणी करावयाची असेल तर आधी मोजणी, मग दगड, आणि मग कागद असा क्रम ठेवावा. आपण नेमका उलटा ठेवतो. तिसरी, सामाईक उताऱ्यातला गुंठा केवळ फक्की पाहून घेऊ नये. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची मुदत वाढली, हे खरे. पण कायदा बांधकाम नियमित करील, मोडलेला शेजार कोणता कायदा नियमित करणार? चौथी सूचना आपल्या मंडळास आहे. वर्षातून एक रविवार मुलांस टिपण वाचावयास शिकविण्याकडे द्यावा. त्या वर्गास शिक्षक लागलाच तर आम्ही आहोत.

आणि पाचवी गोष्ट, जिला सूचना म्हणणे बरे नव्हे. आपले स्टेशन ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते त्या देहूच्या तुकोबारायांनी आणि त्यांच्या बंधूंनी घरच्या कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती खते दुसऱ्यांकडून येणे असलेल्या पैशांची होती, हे ध्यानात घ्यावे. येणे बुडविण्याचे ते धैर्य आम्हां संसारी माणसांच्या अंगी नाही. पण कागदाने देणे दाखविले तर निदान ते तरी फेडावे, एक आणा असला तरी फेडावा, एवढे आपल्या हातून होण्यासारखे आहे.

चिटणीसांनी दिलेली वेळ संपत आली.  घरी गेल्यावर प्रत्येकाने एकदा आपल्या अंगणात नळापाशी, तुळशीपाशी, पायरीपाशी कोठला दगड आहे तो जरा निरखून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.